डोलकरचं माहेर

भाऊबीजेच्या सकाळी ताठ्यांच्या ओट्यावर माणसाला टेकायला जागा नव्हती. पेमाची स्वेटरची गाठोडी आदल्या दिवशीच्या गाडीनं सेलूला उतरली होती आणि दर हिवाळ्यासारखी ओट्यावर एकावर एक रचून ठेवली होती. तिबेटी लोकांची दुकानं घरासमोरच्या मोकळ्या प्लॉटवर लागायची, पण बांबू अजून यायचे होते. तोवर गाठोड्यांवर राणीची सत्ता होती.

राणी ही ताठ्यांच्या धाकट्या नागेशची नऊ वर्षांची मुलगी. तिची आई भाऊबीजेला माहेरी गेली होती, राणी मात्र हट्टानं मागं राहिली होती, कारण पहिलं गाठोडं सुटलं की पहिलं स्वेटर तिला मिळायचं. शेजारच्या पोरांना जमवून ती डोंगर-पाणी खेळत होती. ज्याच्यावर राज्य आलं त्यानं पाणी मागितलं की अंगण त्याचं. अंगणात सापडेल त्याला तो धरणार. ओट्यावर चढलेल्याला मात्र हात लावायचा नाही. खेळ रंगात आला होता आणि एकाएकी रडारड सुरू झाली.

"मोठे बाबा, राणीनं मला खाली ढकललं. मी चढले होते," शेजारची धम्मशीला डोळे पुसत म्हणाली.

राणीचा मोठा चुलता सूर्यभान याच उन्हाळ्यात जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाला होता. तेव्हापासून त्याला सोडवायला एकही धड भांडण मिळालं नव्हतं. त्यानं वर्तमानपत्राची घडी घातली आणि तो पायरीवर येऊन बसला.

"कामून ढकललंस गं?"

"वर जागाच न्हाई. आन् ओटा आमचा हाय."

"ओटा आपला हाय हे खरं. पण तू ढकललंस तवा खाली कोण होतं?"

"राज्य असलेला."

"म्हणजे तू तिला धरणाऱ्याच्या हातात दिलंस. मग ओट्यावर चढायचा नियम कशाला ठेवला?"

राणीनं जरा विचार केला. "सगळ्यांनी असं ढकललं तर खेळच मोडंल."

"मोडंल ना. सर तिकडं, बसू दे तिला."

राणी सरकली. धम्मशीला चढून बसली. पण राणीला प्रश्न पडला की तो एकटा पडत नसे. "मोठे बाबा, पेमाआत्या थंडी सरल्यावर त्यांच्या गावाला जातात. पण ते गाव त्यांचं न्हाईच म्हणं. आजी म्हणती, त्यांचं खरं गाव लय लांब, बर्फात हाय. मग तिकडं कामून जात न्हाईत?"

सूर्यभान घाईनं उत्तर देणारा माणूस नव्हता. त्यानं आधी दोघींच्या हातावर एकेक शंकरपाळा ठेवला.

"तिकडं परक्यांचं राज्य आलं, धरपकड सुरू झाली," तो म्हणाला. "पेमाआत्या तुझ्याहून लहान होती तवा तिच्या बापानं तिला पाठीवर बांधलं आन् रातोरात डोंगर ओलांडून ते हिकडं आले. आपल्या देशाच्या ओट्यावर चढले म्हण. आपण त्यांना राहू दिलं, कसायला जमीन दिली. गोंदियाकडं त्यांची वसाहत हाय, तेच त्यांचं आताचं गाव."

"पण ओट्यावर चढायचा नियम देशांमध्ये पण असतो का?"

"असतो. मोठं युद्ध संपलं तवा सगळे देश एकत्र बसले. त्यांनी लिहून ठेवलं की जिवाच्या भीतीनं पळालेल्या माणसाला दुसऱ्याच्या दाराशी जाऊन आसरा मागायचा हक्क हाय. मागायचा, बरं का. मग पुढं पुष्कळ देशांनी मिळून एक करार केला, की आलेल्याला परत धरणाऱ्याच्या हातात ढकलायचं न्हाई."

"आपण केली का त्याच्यावर सही?"

"न्हाई केली."

"तरी राहू दिलं?"

"तरी राहू दिलं. आन् सही केलेले काही देश आता ओट्याला कुंपण घालायलेत. असं दोन्हीकडनं हाय." सूर्यभाननं तिच्या फ्रॉकवर सांडलेला चुरा झटकला. "पण आपल्याकडं असा कायदाच न्हाई म्हणल्यावर त्यांचं सगळं मर्जीवर चालतं. आज मर्जी हाय. उद्याचं कुणाला विचारायचं, हे त्यांना कळत न्हाई."

"दादा, सणासुदीला लेकरांना काय शिकवायलात," दारातून आवाज आला. सूर्यभानचे मेहुणे आदिनाथ चहाची कपबशी घेऊन उभे होते. ते परभणीला सरकारी कचेरीत कारकून होते आणि दिवाळीतही त्यांच्या खिशाला पेन असे. "उद्याचं तर आपल्यालाच विचारायचंय. त्या डोलकरचं काय ठरलं?"

सूर्यभाननं आत पाहिलं. ठरलं काहीच नव्हतं. कालपासून सगळं घर त्याच एका गोष्टीवर अडलं होतं.

*

पेमाची मुलगी डोलकर या वेळी पोटुशी होऊन आली होती. पौषात दिवस भरत होते. नवरा तिकडं उत्तरेत, धर्मशाळा गावात एका हॉटेलात स्वयंपाकी होता. वसाहतीतल्या धडधाकट बायका थंडी सुरू झाली की स्वेटरं घेऊन गावोगाव पांगायच्या, मागं राहायची ती म्हातारी माणसं आणि कुत्री. तिथं तिचं बाळंतपण करणार कोण? म्हणून पेमानं काल उतरल्या उतरल्या छबूबाईला विचारलं होतं, मागची खोली मिळंल का, उन्हाळा लागेपर्यंत.

छबूबाई, सूर्यभान-नागेशची आई, एका शब्दात हो म्हणून मोकळी झाली होती. पण मागच्या खोलीत नागेशचे ठिबकचे पाईप होते. नागेश म्हणाला, आपल्याला जमणार नाही.

शिवकन्या स्वयंपाकघरात करंज्या डब्यात भरत होती. नागेशची ही थोरली बहीण, आदिनाथची बायको. तिनं कालच नागेशची बाजू घेतली होती, आणि ती का घेतली हे तिला स्वतःला पक्कं ठाऊक होतं.

"माझ्या दुसऱ्या बाळंतपणाला काय म्हणलं होतं मायनं, आठवतंय का वैनी?" ती भावजयीला म्हणाली. "म्हणं, घरात कापूस भरलाय, भाव वाढायची वाट बघायलेत, तुला कुठं झोपवू. गेले मग सासरीच. पोटच्या लेकीला कापूस आडवा आला. आन् आता परक्या पोरीसाठी पाईप काढा म्हणती."

रोहिणी ही सूर्यभानची बायको. ती कढईतून नजर न काढता म्हणाली, "कापूस तवा मामंजींनी भरला होता. मायनी दोन दिवस तोंड फुगवलं होतं त्यांच्यावर."

"मला न्हाई कुणी सांगितलं."

"तुमी विचारलंच न्हाई. तुमी पण तोंड फुगवूनच गेल्या."

शिवकन्यानं एक करंजी मोडून तोंडात टाकली. "पण वैनी, ही कोण लागती आपली? भाडेकरूची लेक."

"याच घरात जन्मलीय की ती," रोहिणी म्हणाली. "त्याच खोलीत. मी नवी होते, पाणी तापवत बसले होते."

शिवकन्या त्या थंडीत सासरी होती. तिनं ते फक्त ऐकलं होतं. पण ताठ्यांच्या घरात 'याच घरात जन्मली' या वाक्याला साधा अर्थ नसतो, हे लहानपणापासून तिच्या अंगात मुरलेलं होतं. तिची आई छबूबाई स्वतः कुणाच्या तरी दुसऱ्याच्याच गोठ्यात जन्मली होती. त्या घरचा भाऊ आज यायचाच होता.

*

बजरंगमामा उन्हं वर आल्यावर जीपमधून उतरले. लोणारकडच्या आपल्या गावातून ते दर भाऊबीजेला सेलूला येत, हातात पिशवी, पिशवीत लुगडं-चोळी. पंच्याऐंशीच्या घरात पोचले तरी हा नेम चुकला नव्हता.

निजामाच्या राज्याच्या शेवटच्या उन्हाळ्यात जिंतूरकडची गावंच्या गावं रझाकारांच्या भीतीनं हद्द ओलांडून पलीकडं गेली होती. पलीकडं निजामाची सत्ता नव्हती. छबूबाईचे आईबाप त्या गर्दीत होते आणि आई अवघडलेली होती. बजरंगमामांच्या आईनं, कडूबाईनं, तिला आपल्या गोठ्यात घेतलं. छबूबाई तिथं जन्मली आणि कडूबाईनं सांगून टाकलं, हिचं माहेर हेच. गोठा आता राहिला नव्हता, कडूबाई तर कधीच गेली होती, पण लुगडं-चोळी यायची थांबली नव्हती.

छबूबाईनं पाट मांडला, भावाला ओवाळलं. मामांनी तिच्या हातात पिशवी दिली. मग पंगत बसली. पेमा आणि डोलकर मागच्या दाराशी संकोचून उभ्या होत्या. रोहिणीनं त्यांनाही ओढून ताटावर बसवलं.

"ही पेमाचीच ना?" बजरंगमामांनी डोलकरकडं पाहत विचारलं. "मागच्या साली बारीक होती. आता दोघं झाली वाटतं."

डोलकर हसली. पेमाही हसली. तिचं मराठी पंचवीस-तीस हिवाळ्यांचं होतं, अस्सल सेलूचं. "मामा, माझी डोली. बाळंतपणाला जागा बघायलाव."

"बघायला कशाला पाहिजे? घर तं आहे एवढं."

वाढपी थांबले. आदिनाथनी घसा साफ केला.

"मामा, तसं सोपं न्हाई. थंडीपुरतं राहणं वेगळं. ठाण्यात आपण दरवर्षी कळवतो, ते ठीक. पण आता मुक्काम वाढणार, लेकरू जन्मणार. विदेशी माणसं हायत कागदावर. उद्या कोणी विचारलं तर नागेश काय सांगणार? उगाच लचांड."

"जावईबापू, ही पोर याच गावात जन्मली," छबूबाई म्हणाली. "विदेशी कशी?"

"जन्मल्यानं होत न्हाई, माय. कायदा तसा न्हाई."

"मग मी जिंतूरची कशी? मी तर पलीकडं जन्मले. तुमच्या कायद्यानं मला आता लोणारला धाडा."

"धाडा, धाडा," बजरंगमामा म्हणाले. "मला रोज भाकरी करून घालील."

हशा पिकला. आदिनाथही हसले, पण पेन चाचपत हसले. मग मामांनी ताट जरा बाजूला सारलं.

"जावई म्हणतात ते खोटं नाही. आमच्या घरी असंच झालं होतं. माझा चुलता लय भित्रा. म्हणे, हे मोगलाईतले, निजामाच्या मुलखातले लोक. यांच्या मागं रझाकार आले तं आपलं गाव पेटवतील. उद्याच यांना वाटंला लावा. घरात दोन तट पडले. बाप काही बोलंना."

"मग?" राणीनं विचारलं.

"मग माझी माय उठली. गोठ्यातून ही एवढीशी छबी उचलून आणली, चुलत्याच्या मांडीवर ठेवली आन् म्हणाली, भावजी, जरा धरा, मी पाण्याला जाऊन येते. आन् गेली. विहीर गावाच्या त्या टोकाला. तिथं बाया भेटल्या. मायला काही घाईच नव्हती."

"आन् चुलता?"

"त्याला उठता येईना. हिनं मांडीवर मुतून ठेवलं, तरी येईना. हलला की ही रडायची. माय आली तेव्हा तो आमच्या गड्यावर खेकसत होता, गाईची धार अजून काऊन नाही काढली म्हणून. छबू हे नाव पण त्यानंच ठेवलं."

पंगत हसून हसून वाकली. छबूबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "दर साली तीच गोष्ट सांगतो. दर साली मला मुतवतो."

एकटा नागेश हसला नाही. त्यानं भात कालवला, पण घास घेतला नाही.

*

नागेशला घरात सगळे कठोर समजत होते, हे त्याला माहीत होतं. पाईपांचं त्यानं पुढं केलं होतं, कारण ते सांगायला सोपं होतं. पाईप काय, दोन तासांत प्लॉटवर गेले असते.

"मामा," तो शेवटी म्हणाला, "तुमच्या चुलत्याच्या मांडीवर लेकरू जन्मल्यावर आलं. माझ्या वाट्याला जन्मायच्या आधीचं आलं होतं."

सगळे त्याच्याकडं बघू लागले.

"ही झाली तवा घरात मी एकटाच गडी होतो. दादा शाळेच्या गावाला. बाबा जिनिंगवर. पेमाताईला एकदम त्रास सुरू झाला. मी नर्सबाईला आणायला पळालो. आणलं. आन् ही जन्मली तर रडंना. लय वेळ रडली न्हाई. मी दाराबाहेर उभा. आतून कुणाचाच आवाज न्हाई." त्यानं पेमाकडं पाहिलं. "पुन्हा ती जिम्मेदारी मला नको. कमी-जास्त झालं तर कुणाला तोंड दाखवू? ह्यांचं मागं-पुढं कोण हाय हितं? आपणच."

पेमानं आपलं ताट सोडलं, उठून नागेशपाशी आली आणि खाली बसली. "मला वाटलं होतं तुमी पाईपांसाठी रागावलात."

"रागावलो न्हाई गं ताई. भ्यालोय."

"मी पण भ्यालेय," पेमा म्हणाली. "म्हणून तर हितं आले."

शिवकन्याला एकदम राग आला, आणि या वेळी तो डोलकरवर नव्हता.

"नाग्या, माझ्या वेळंला ह्या घरातून कापूस निघाला न्हाई," ती म्हणाली. "आता पाईप निघालेच पाहिजेत. माझं राहिलेलं बाळंतपण समज. मी येऊन राहते पौषात. दोन लेकरं काढलीयत मी, मला काही भ्या वाटत न्हाई."

आदिनाथ दचकले. "तू येऊन राहणार? मग माझ्या डब्याचं काय?"

"तुमी पण या. पेन घेऊन."

"पण दादा," नागेश सूर्यभानकडं वळला, "ठेवायचं म्हणलं तर ही आपली कोण म्हणायची? मायचा हिशेब लावला तर जन्मली ती लेक. म्हणजे माझी बहीण?"

"बहीण कशी, तिची आई तुला भाऊ म्हणती," सूर्यभान म्हणाला.

"मग भाची."

"भाची म्हणलं की पेमा माझी लेक झाली," छबूबाई म्हणाली, "ती कुठं हितं जन्मली?"

"माय, तुमच्या आईला कडूबाईनं काय म्हणलं होतं?" रोहिणीनं विचारलं.

"वहिनी म्हणायची."

"मग तर सगळंच बिघडलं," आदिनाथ म्हणाले. त्यांनी खरोखरच बोटं मोजायला सुरुवात केली होती.

बजरंगमामांनी हात वर केला. "वय बघा आन् ठरवा. पोरगी तिशीच्या आत, हा पन्नाशीला टेकलेला. भाची. संपलं. आमच्याकडं पण असंच ठरवलं होतं, कुणी वंशावळ काढली नव्हती."

मग एकदम बोलणी सुरू झाली. डोहाळजेवण कधी करायचं, डिंकाचे लाडू कोण करणार, बाळंतिणीला शेकायला गोवऱ्या लागतील का. छबूबाई म्हणाली खोली सारवून घेऊ. शिवकन्या म्हणाली फरशी आहे, सारवता कशाला. नागेश म्हणाला, खिडकीला जाळी लावावी लागेल, डास येतात. काल नको म्हणणारा तोच होता, हे एवढ्यात सगळे विसरले होते आणि तोही विसरला होता.

डोलकर भिंतीला टेकून ऐकत होती. एकाकडून दुसऱ्याकडं तिचं बाळंतपण चेंडूसारखं जात होतं. रोहिणीचं तिच्याकडं लक्ष गेलं.

"अगं पण हिला कुणी विचारलं का? डोले, तुला काय पाहिजे?"

एवढी माणसं आपल्या तोंडाकडं बघायला लागली म्हणून डोलकर आधी लाजली. मग बोटावर मोजल्यासारखी सांगत गेली.

"दवाखान्यात नाव घालायचंय, सेलूच्याच. घरात न्हाई व्हायचं मला. नागेशकाकांना भ्यायची गरज न्हाई. गोंदियाच्या डॉक्टरनं सांगितलंय, सगळं चांगलं हाय."

नागेशनं मान हलवली. आपला टेम्पो त्या दिवसांत दारातच ठेवायचा, कुठंही भाड्यानं पाठवायचा नाही, असं त्यानं तिथंच ठरवून टाकलं.

"डिंकाचे लाडू चालतील. पण चहा मला आमचा लागतो, मीठ घालून."

"मीठ?" छबूबाई म्हणाली. "चहात?"

"लोणी पण."

"चहात लोणी. बरं. पोट तुझं हाय."

"आन्..." डोलकरनं मागच्या दाराकडं पाहिलं. "त्या खोलीला आतून कडी न्हाई."

"कशी असणार, गोदाम हाय ते," नागेश म्हणाला. "बाहेरून कुलूप लागतं."

"मला आतून पाहिजे." ती आता खाली बघत बोलत होती. "आमी जिथं राहतो तिथं, कुठं पण गेलो तरी, कुणी पण कवा पण दार वाजवतं. कागद दाखवा म्हणतं. वाईट न्हाई बोलत सगळे. पण दार लगेच उघडावं लागतं. उशीर केला की विचारतात, आत काय करायलाव. लेकरू झोपलेलं असलं तर मला लगेच न्हाई उघडायचं."

आदिनाथनी पेन खिशातून काढलं आणि परत ठेवलं. कचेरीत त्यांनी किती लोकांना कागद दाखवा म्हटलं होतं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. "कागदाचं मी बघतो," ते म्हणाले. "ठाण्यात मुदतीत कळवायचं, वाढीव मुक्कामाचं लिहून द्यायचं, लेकराच्या जन्माची नोंद. नागेशला जमायचं न्हाई. तो पहिल्याच ओळीत चुकतो. कुणी आलंच, तर माझा नंबर द्यायचा आन् म्हणायचं, साहेब उद्या या."

"बघा," शिवकन्या म्हणाली. "डब्याची फिकर करणारा माणूस कामाला आला."

*

जेवणं झाल्यावर पाईप निघाले. बजरंगमामा खुर्चीवर बसून कुठला पाईप कुठं ठेवायचा ते सांगत होते आणि कोणीच त्यांचं ऐकत नव्हतं. सूर्यभान एका टोकाला, आदिनाथ दुसऱ्या टोकाला धरून चालले होते. आदिनाथ दारात आडवे वळले आणि दोघं अडकले. पेमानं मागून धक्का दिला तेव्हा सुटले. राणीला स्वेटर मिळालं होतं, जांभळं. ऊन असूनही ती ते घालून फिरत होती आणि घामानं निथळत होती.

खोली रिकामी झाली तशी मोठी वाटू लागली. रोहिणीनं झाडून घेतली. छबूबाई मध्ये उभी राहून चारी भिंतींकडं बघत राहिली. ज्या गोठ्यात ती जन्मली तो तिनं कळत्या वयात पाहिला होता. तिला वाटलं, ही खोली त्याच्यापेक्षा बरी आहे, वर पंखा आहे.

नागेशनं बाजारातून कडी आणली. नवी, पितळी, जरा जास्तच जाड. दाराच्या आतल्या अंगाला त्यानं पेन्सिलनं खूण केली, भोकं पाडली, स्क्रू पिळले. मग चौकटीत कोयंडा बसेना. त्यानं काढला, खालवर केला, परत लावला. बाहेर सगळे बघत उभे होते आणि प्रत्येकजण काही ना काही सुचवत होता.

"झालं," तो घाम पुसत बाहेर आला. "लावून बघ गं. आतून."

डोलकर आत गेली. दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला, कोरा, जड आवाज. मग काहीच नाही.

बराच वेळ काहीच नाही.

पेमानं नागेशकडं पाहिलं. नागेशनं पुढं होऊन दारावर टकटक केली.

"कोण?" आतून विचारलं.

नागेश गोंधळला. मागं सगळं घर उभं होतं. त्यानं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा दाराकडं.

"मामा हाय," तो म्हणाला.

"काय काम हाय, मामा?"

"कडी नीट बसली का बघायचंय."

"बसली."

"मग उघड की."

"थोड्या वेळानं," डोलकर आतून म्हणाली. "पडलेय मी जरा."

शिवकन्या खो खो हसत सुटली. राणी दाराच्या फटीला डोळा लावायला गेली, तर नागेशनं तिचं जांभळं स्वेटर मागून धरून तिला ओढलं. "चला," तो सगळ्यांना म्हणाला, "चहा घेऊ तोवर. तिला झोपू द्या." आणि स्वतः मात्र तिथंच पायरीवर बसला.